फोन किती पातळ ते कळलं, बॅटरी कशी निघते तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आपल्या अंकात बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसवर, म्हणजे तिथे दर वर्षी भरणाऱ्या मोबाइलच्या जत्रेवर, पान भरून मजकूर आला. पावणेसहा मिलिमीटर जाडीचा फोन, तीन घड्यांचा फोन, लोहचुंबकाने वरून लेन्स डकवायचा फोन, अशी चित्रं आणि खाली तक्ता : कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, चार्ज व्हायला किती मिनिटं. माझं पंढरपुरात स्टेशन रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो तक्ता मी दुकानातल्या पोरांना वाचून दाखवला. त्यातल्या एकाने विचारलं, "आणि बॅटरी कुठून काढायची, ते नाही दिलं?" त्याच्या प्रश्नावरून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल. छापताना कापलंत तरी राग नाही.

मी जत्रेच्या विरोधात नाही. उलट दर वर्षी ती भरली की आमच्या टेबलावर एक फोन दिवसभर तिकडचे व्हिडिओ दाखवत उभा असतो. बार्सिलोनात जे काचेच्या पेटीत मांडतात, ते दीड-दोन वर्षांनी फुटक्या काचेनिशी आमच्या काउंटरवर येतं. त्यामुळे आधी बघून ठेवलेलं बरं.

ही जत्रा पूर्वी फ्रान्समध्ये कान शहरात भरायची. २००६ पासून ती बार्सिलोनात आली, २००८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं आणि २०१३ पासून शहराला चिकटून असलेल्या लोस्पितालेतमध्ये, फिरा ग्रान व्हिया नावाच्या आठ हॉलच्या प्रदर्शन-संकुलात ती भरते. २०२५ साली ती ३ ते ६ मार्चला झाली. एक लाख नऊ हजार लोक आल्याचं भरवणाऱ्यांनी जाहीर केलंय. आम्हा पंढरपूरकरांना लाखभर लोकांचं कौतुक नाही, तेवढे आषाढीच्या आधी दर्शनबारीत उभे असतात. पण जत्रेच्या चार दिवसांत तिथल्या खोल्यांची भाडी आभाळाला भिडतात हे वाचल्यावर मात्र गाव ओळखीचं वाटलं.

तिथे नुसते फोन नसतात, हे आपल्या पानावरून कुणाला कळलं नसेल. बरीचशी जागा टॉवरवरचे अँटेना, नेटवर्कची यंत्रं, सिम आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची असते. ह्युआवे या चिनी कंपनीचा एकटीचा पसाराच जवळजवळ अख्खा एक नंबरचा हॉल व्यापतो. खिशात फोन घेऊन हिंडणारे तुम्ही-आम्ही त्या जत्रेचं खरं गिऱ्हाईक नव्हेच. खरं गिऱ्हाईक म्हणजे देशोदेशीच्या मोबाइल सेवा कंपन्या. भरवणारी संस्था जीएसएमए, तीही त्यांचीच. या संस्थेचं अध्यक्षपद २०१७-१८ मध्ये एअरटेलच्या सुनील भारती मित्तल यांच्याकडे होतं आणि २०२५ च्या सुरुवातीला हंगामी अध्यक्ष म्हणून एअरटेलचेच गोपाल विट्टल बसले. म्हणजे जत्रा परक्यांची आणि आपण नुसते बघे, असंही नाही. खुर्चीवर आपला माणूस बसतो, तर त्याला विचारायला काय हरकत आहे?

माझ्या मते या जत्रेतून आलेली सगळ्यात मोठी बातमी कॅमेऱ्याची नव्हतीच. २००५ साली, जत्रा कानमध्येच असताना, जीएसएमएने एक ठेका जाहीर केला होता. गरीब देशांतल्या लोकांसाठी चाळीस डॉलरच्या आतला फोन कोण देतो बोला, म्हणून कंपन्यांकडून भाव मागवले होते. ते काम मोटोरोलाला मिळालं आणि त्याच वर्षात पुढच्या फेरीत भाव तीस डॉलरच्या आत आला. कॅमेरा नाही, रंग नाही, बोलायचं आणि संदेश पाठवायचा. त्या तोडीचे फोन मी धंद्यात पडलो तेव्हा ऊसतोडीवाल्यांच्या, भाजीवाल्या मावशींच्या, टेम्पोवाल्यांच्या हातात होते. झाकण नखाने उघडायचं, बॅटरी बोटाने निघायची, आत चार-सहा स्क्रू. कीपॅडची रबरी चकती बदलली की फोन आणखी दोन वर्षं चालायचा. जत्रेने एकदा तरी 'या माणसाला काय परवडेल' असा विचार केला होता, एवढं मला त्यातून सांगायचंय.

मग २०१७ साली नोकियाचा जुना ३३१० नव्या अंगड्यात बार्सिलोनात आणला. सगळ्या जगाचे महागडे फोन शेजारी असताना गर्दी त्या ४९ युरोच्या फोनपुढे झाली. आपल्याकडे तो ३,३१० रुपयांना आला. पत्रकारांनी लिहिलं की लोकांना जुन्या आठवणी येतात. आठवणी येत असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्याची बॅटरी बोटाने निघत होती हे कुणी लिहिलं नाही.

आता आषाढीची गोष्ट सांगतो, म्हणजे आमचा मुद्दा ध्यानात येईल. वारीत पाऊस असतोच. वाखरीपासून पुढे भिजलेला माणूस दुकानात येतो, कोपरीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन काढतो आणि म्हणतो, "माउली, एवढं बघा, दिंडीवाल्यांचा नंबर ह्यातच हाय." कीपॅडचा फोन असला तर सोपं. बॅटरी काढायची, बोर्ड मोकळा करायचा, आयपीएने (चटकन उडून जाणाऱ्या अल्कोहोलने) ब्रश मारायचा, ब्लोअरने हलकी ऊब द्यायची. चहा होईस्तोवर फोन हातात. टचस्क्रीनचा असला की माझा जीव धास्तावतो. पाणी आत गेलं की पहिलं काम म्हणजे बॅटरीचा करंट तोडणं. आणि तिथेच तर सगळं चिकटवून ठेवलंय. आधी मागची काच तापवा, गम सैल करा, पट्टी सरकवून काच उचला, वायरलेस चार्जिंगची कॉइल असली तर ती सोडवा, मग स्क्रू, मग पत्रा, मग बॅटरीचं कनेक्टर. तेवढ्या वेळात पाणी आणि करंट मिळून आत काय करायचं ते करून बसलेले असतात. चार्जिंगची आयसी (चिप) गंजून हिरवीगार. काच तापवताना ती तडकली तर तो खर्च वेगळा, आणि तो माउलीकडून कसा मागायचा?

"वॉटरप्रूफ आहे की" असं सांगून विकतात. पाणी अडवणारी ती पट्टी एकदा फोन उघडला की गेली. नवी कंपनीची पट्टी मिळाली तर बरं, नाही तर बाजारातला गम लावायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की यापुढे फोन पाण्यापासून लांब ठेवा. चंद्रभागेच्या काठच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही.

आपल्या पानावर ज्या पावणेसहा मिलिमीटरच्या फोनचं एवढं कौतुक आहे, तो टेक्नो कंपनीने जत्रेत मांडलेला नमुना आहे. इतक्या पातळ अंगात ५,२०० एमएएचची बॅटरी बसवली, ही कारागिरी मोठी आहे, मीही मान हलवली. पण अशी पत्र्यासारखी बॅटरी गमाने धरून ठेवली असेल तर ती पट्टी घालून उचलताना जरा वाकली की संपलं. वाकलेली बॅटरी आतून शॉर्ट होते, फुगते, कधी पेटते. आमच्या धंद्यात ज्यांच्या बोटांवर डाग आहेत त्यांना विचारा. बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे, दोन-तीन वर्षांनी बदलायचीच आहे. हे ठाऊक असताना ती न निघेल अशी बसवायची, याला मी तरी प्रगती म्हणणार नाही.

घडीच्या फोनचंही तसंच. २०१९ च्या जत्रेत ह्युआवेचा मेट एक्स २,२९९ युरोला जाहीर झाला, सॅमसंगचा फोल्ड काचेआड ठेवला होता, हात लावायला मनाई. एप्रिलमध्ये तो फोल्ड परीक्षणासाठी पत्रकारांच्या हातात दिला आणि काहींचे पडदे दोन दिवसांत गेले. कुणी पडद्यावरचा थर संरक्षक प्लास्टिक समजून सोलला होता, कुणाच्या बिजागरीच्या फटीतून कचरा आत शिरला होता. कंपनीने विक्री पुढे ढकलली, सुधारणा करून सप्टेंबरात फोन आणला. पुढचे घडीचे फोन बरेच सुधारले, हे खरं. तरी आमच्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते ती पाहून मी गिऱ्हाइकाला घडीचा फोन घ्या असं अजून सांगत नाही. तुमच्या तक्त्यात बिजागरी किती वेळा उघडमीट सोसते ते छापलंय. आतला पडदा बदलायला किती पैसे पडतात, ते का नाही?

पैशाचं बोलतो. बारा-तेरा हजारांचा फोन, दीड वर्षात पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. पडला नाही, भिजला नाही, एका अपडेटनंतर रेघ आली असं गिऱ्हाईक सांगतं. कंपनीचं नाव घेत नाही. वॉरंटी संपलेली. अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापूरला, सत्तर किलोमीटर. गाडीभाडं, एक दिवसाची रोजी, तिथे टोकन घेऊन बसायचं आणि उत्तर मिळतं की पार्ट नाही, आठ दिवसांनी या. मग तो माणूस माझ्याकडे येतो. माझ्याकडे काय असतं? पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेलं पार्सल. त्यात एकाच मॉडेलचे तीन-चार प्रतींचे कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र जोडलेले. कुठला मूळ, कुठला जुन्या फोनमधून काढलेला, कुठला साधी कॉपी, हे विकणाराच खात्रीने सांगू शकत नाही. मी प्रत्येक डिस्प्ले लावून, रंग आणि टच बघून मगच चिकटवतो. तरी काही फोनमध्ये बाहेरचा भाग घातला की पडद्यावर सूचना येते की हा भाग अनोळखी आहे, आणि एखादी सोय बंद पडते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नजरेत चोर मी.

आमच्या धंद्यातही लबाडी आहे, हे इथेच सांगून टाकतो. कॉपी डिस्प्ले मूळ म्हणून लावणारे आहेत, चांगला भाग काढून घेणारे आहेत. पण दर्जेदार भाग सरळ मार्गाने, ठरलेल्या भावात मिळाला तर या लबाडीला जागा किती उरेल? फोनच्या आतल्या सर्किट-बोर्डाचे नकाशेसुद्धा आम्ही परदेशी सॉफ्टवेअरची वर्गणी भरून बघतो. ते नकाशे तिथे कसे पोचले हे कुणी विचारत नाही.

हे रडगाणं वाटेल म्हणून युरोपात काय चाललंय ते सांगतो, कारण जत्रा तिथलीच आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्या स्मार्टफोनसाठी नियम लागू झालेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे. पहिली पाच वर्षं मागणीनंतर पाच कामाच्या दिवसांत, नंतर दहा. ते फक्त स्वतःच्या सेंटरला नव्हे, बाहेरच्या व्यावसायिक कारागिरालाही द्यायचे. विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के ताकदीची राहिली पाहिजे. आणि खोक्यासोबत लेबल, त्यावर दुरुस्तीला किती सोपा याची ए ते ई अशी श्रेणी. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी, असाही कायदा त्यांनी केलाय. त्याला काही सवलती ठेवल्यात, कंपन्या त्या फटीतून निसटायला बघतीलच. तरी कायदा आहे.

बार्सिलोनाच्या जुन्या भागात राव्हाल म्हणून वस्ती आहे. तिथे मोबाइल दुरुस्तीची कितीतरी दुकानं आपल्याच उपखंडातल्या लोकांची आहेत. व्हिडिओत बघितलं तर टेबलही आमच्यासारखंच : तीच निळी सिलिकॉनची चटई, तोच ब्लोअर. नव्या नियमांनी तिथल्या कारागीर पोराला पाच दिवसांत मूळ डिस्प्ले मागायचा हक्क आहे. तोच फोन, तीच कंपनी, आणि मला ट्रॅव्हल्सच्या पार्सलची वाट बघायची.

कंपन्यांना जमत नाही असंही नाही. २०२३ च्या जत्रेच्या तोंडावर नोकियाच्या नावाने फोन काढणाऱ्या एचएमडी कंपनीने नोकिया जी२२ जाहीर केला. पडदा, बॅटरी, चार्जिंगचा भाग ग्राहकाने घरी बदलावा अशी त्याची बांधणी होती आणि भाग व माहिती पुरवायला आयफिक्सिट ही दुरुस्तीवाल्यांची ओळखीची कंपनी सोबत घेतली होती. हॉलंडची फेअरफोन कंपनी तर कितीतरी वर्षं तेच करतेय. आमच्या काउंटरवर यातला एकही कधी आला नाही. आपल्या पानावरही नाही. जीएसएमएनेच २०२३ साली सांगितलं होतं की जगभरात सुमारे ५०० कोटी जुने फोन घराघरांतल्या खणांमध्ये नुसते पडून आहेत. ते का पडलेत, हे मला त्या खणांचे मालकच रोज सांगतात : "दुरुस्तीला जेवढे मागताय त्यात थोडे घालून नवा येतो." त्यांचा हिशेब चुकीचा नाही. भाग महाग आणि मजुरी स्वस्त, असा हा उलटा धंदा आहे.

आपल्या सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षाच्या शेवटी त्यासाठी पोर्टल सुरू केलं. २०२४ साली मोबाइलला दुरुस्तीचे गुण देण्यासाठी आराखडा करायला आणखी एक समिती नेमली. दिशा बरोबर आहे. पण समितीसमोर कोण बोलतं? कंपन्यांच्या संघटना बोलतात, तज्ज्ञ बोलतात. तालुक्याच्या गावात दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्याची संघटना नाही, आणि त्याला दिल्लीला बोलावणार कोण?

दिल्लीवरून आठवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये करोलबागच्या गफ्फार मार्केटला सामान घ्यायला गेलो होतो, तेव्हा प्रगती मैदानावर इंडिया मोबाइल काँग्रेस चालू होती. बार्सिलोनाचीच धाकटी बहीण, २०१७ पासून भरते. पंतप्रधानांनी फाइव्ह-जीचा आरंभ तिथेच केला त्या वर्षीची ही गोष्ट. एका बड्या स्टॉलवर मी नम्रपणे विचारलं की तुमच्या अमुक मॉडेलचा चार्जिंगचा सब-बोर्ड बाहेरच्या कारागिराला विकत मिळायची सोय आहे का. तिथल्या तरुणाने ऐकून घेतलं, हसला, मला एक टोपी दिली आणि कस्टमर केअरचा नंबर असलेलं कार्ड दिलं. टोपी चांगली निघाली. धाकटा मुलगा अजून घालतो.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, लोकांनाच पातळ फोन हवा, लोकांनाच पाण्यात चालणारा हवा. खरंय. माझ्याच काउंटरवर फोन हातात तोलून "जड आहे" म्हणत परत ठेवणारे रोज येतात. पण गिऱ्हाईक हातात घेऊन वजन पाहू शकतं, आतला गम पाहू शकत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो. दुकानातला विक्रेता सांगणार नाही, त्याचं कमिशन त्यात नाही. जाहिरात सांगणार नाही. उरलं वर्तमानपत्र.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वर्षी बार्सिलोनाचं पान काढाल तेव्हा तक्त्यात रॅमच्या शेजारी चार रकाने वाढवा. बॅटरी बदलायचा कंपनीचा भाव, पडद्याचा भाव, भाग किती वर्षं मिळणार आणि अपडेट किती वर्षं. शक्य असेल तर महाराष्ट्रात त्या कंपनीची सेंटरं जिल्ह्याच्या ठिकाणाखाली कुठवर आहेत तेही. युरोपसाठी ही बरीचशी माहिती कंपन्यांना आता जाहीर करावीच लागते, ती मागायला लाजायचं कारण नाही. कुणी दिली नाही तर रकाना मोकळा ठेवा आणि 'कंपनीने उत्तर दिले नाही' असं छापा. तेवढं छापलेलं कात्रण मी काउंटरच्या काचेखाली लावीन, नवा फोन घ्यायच्या आधी बरेच जण मला विचारायला येतात.

बार्सिलोनाला माणूस पाठवणं खर्चाचं आहे, आतल्या पासचेच शेकडो युरो होतात, हे मला कळतं. पण ऑक्टोबरात दिल्लीला इंडिया मोबाइल काँग्रेस भरते आणि बार्सिलोनातल्या बऱ्याच कंपन्या तिथेही येतात. आपल्या प्रतिनिधीने पुण्याहून झेलम पकडली तरी भागेल. विचारायचे प्रश्न मी लिहून देतो, टोपी त्यांनी घेतली तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक मोबाइल दुरुस्ती कारागीर
स्टेशन रोड, पंढरपूर